वाटेत जन्मणारा माल

कार्बन डायऑक्साइडला कोणी ‘धोकादायक माल’ म्हटलं की मला हसू यायचं. नंदुरबारात मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं आणि या वायूची ओळख करून देताना कायम त्याचीच बाजू घेतली. तो जळत नाही, दुसऱ्याला जळू देत नाही, त्याला रंग नाही, वास नाही. सोड्याच्या बाटलीत तोच, पावाच्या जाळीत तोच, आपल्या प्रत्येक उच्छ्वासात तोच. आग लागली की लाल नळकांड्यातून त्यालाच बोलावतात. त्यामुळे रेल्वेच्या ‘रेड टॅरिफ’मध्ये, म्हणजे धोकादायक मालाच्या नियमपुस्तकात, स्फोटकांच्या पाठोपाठ दाबाखालच्या वायूंमध्ये त्याला बसवलेला पाहिला तेव्हा मला तो निव्वळ कारकुनी आळस वाटला होता. लोखंडी टाकीत भरला की सगळे वायू सारखे, झालं!

आज मी तसं म्हणत नाही. रेल्वेगाड्यांवर कार्बन पकडणारी यंत्रं बसली तर त्यांना धोकादायक मालाचे नियम लावावेत की नाही, या वादात मी चक्क पलीकडच्या बाजूला जाऊन बसलो आहे. ज्यांच्याशी हिरिरीने भांडलो त्यांना निदान कारण तरी कळायला हवं, म्हणून हे मनोगत.

विषय डोक्यात शिरला तो 2022 साली. त्या वर्षीच्या जुलैत ‘ज्यूल’ या शोधपत्रिकेत एक कल्पना मांडली गेली. को-टू-रेल नावाची अमेरिकी कंपनी आणि शेफील्ड, टोरांटो इथल्या विद्यापीठांतले संशोधक तिच्यामागे होते. हवेतून कार्बन डायऑक्साइड गाळायचा तर ऊर्जा भरमसाट लागते, त्यात हवा ओढणारे पंखे आलेच. धावत्या गाडीला हवा ओढावी लागत नाही, ती आपणहून अंगावर येते. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा विजेच्या रूपात परत मिळवता येते. तर मालगाडीला एक खास डबा जोडायचा, त्याचं तोंड वाऱ्याकडे ठेवायचं, आत वायू शोषून घ्यायचा, दाबून द्रवरूप करायचा, टाकीत साठवायचा आणि कर्मचारी बदलतात किंवा इंधन भरतात त्या ठाण्यावर टाकी रिकामी करायची. दुसरीकडे रेमोरा ही कंपनी ट्रकच्या धुराड्यालाच यंत्र जोडून वायू तिथल्या तिथे पकडू पाहत होती. तिनेही पुढे रेल्वेच्या डिझेल इंजिनांकडे मोर्चा वळवला.

मी हरखून गेलो. आमची सुरत-भुसावळ लाइन म्हणजे मालगाड्यांचीच लाइन. जुन्या ताप्ती व्हॅली रेल्वेने विसाव्या शतकाच्या तोंडावर टाकलेला एकेरी रूळ आता दुहेरी झालाय, वर विजेच्या तारा आल्यात. उधना ते जळगाव हे 306 किलोमीटरचं काम 16 फेब्रुवारी 2019 रोजी धुळ्याच्या सभेत पंतप्रधानांनी राष्ट्राला अर्पण केलं. कोळसा, खतं, कंटेनर, तेलाचे टाके, रात्रंदिवस काहीतरी धडधडत जातंच. या प्रत्येक गाडीला असा एक डबा जोडला तर, असा हिशेब मी मनातल्या मनात कितीदा मांडला असेल! भेटेल त्याला पकडून ही कल्पना ऐकवत होतो.

आणि वाटेत आडवा कोण येतो? नियम. 1989च्या रेल्वे कायद्याचं कलम 67 सांगतं की धोकादायक माल आणणाऱ्याने अधिकृत रेल्वे कर्मचाऱ्याला मालाच्या स्वरूपाची लेखी सूचना द्यायची आणि पुडक्यावर बाहेरून ठळक खूण करायची. कलम 164 म्हणतं, बेकायदा आणलात तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वायू दाबून भरायचा म्हटलं की नागपूरचं ‘पेसो’, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांचं सुरक्षा खातं, हजर. हजार लिटरपर्यंतच्या सिलिंडरला 2016चे गॅस सिलिंडर नियम, त्यापुढच्या टाकीला त्याच सालचे दाबपात्रांचे नियम, आणि दोन्हींचं मूळ 1884च्या स्फोटकांच्या कायद्यात. ज्या वायूने आग विझते त्याची परवानगी स्फोटकांच्या खात्याकडे मागायची, यावर तर मी वर्गात विनोद करत असे.

माझा युक्तिवाद साधा होता. इंजिनाच्या टाकीत डिझेल असतं, त्याला आपण माल म्हणत नाही. तेच डिझेल टाक्याच्या मालगाडीतून चाललं की माल. फरक पदार्थात नाही, कामात आहे. गाडी चालवायला लागतं ते यंत्राचं अंग, पोचवायला नेतात तो माल. मग कार्बन पकडणारं यंत्रही गाडीचंच अंग आहे, त्याच्या पोटातला वायूही यंत्राचाच. तिथे माल नाही, पाठवणारा नाही, घेणारा नाही. रेड टॅरिफचा संबंधच काय?

फिरायला जाताना आमच्याबरोबर एक आप्पा असतात. हयात मालगोदामात गेली, आता निवृत्त. हे सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “सर, सगळं बरोबर. पण फॉरवर्डिंग नोट कोण भरणार?”

“लागतेच कशाला? माल चढवलाच नाही कोणी.”

“तेच म्हणतोय मी. सुटताना डबा रिकामा, पोचताना भरलेला. मधे चढवला कोणी? आमच्याकडे असं झालं तर आधी चोरीचा संशय येतो.”

मी हसलो. आप्पा हसले नाहीत. फॉरवर्डिंग नोट म्हणजे माल पाठवणाऱ्याने स्वतःच्या सहीने भरून द्यायचा कागद. माल काय, किती, कुणाचा. पुढे काही झालं तर पहिलं बोट त्या सहीवर जातं. आप्पांचा प्रश्न मला तेव्हा बाबूगिरीचा वाटला. पण तो गेला नाही, राहिला.

वादात माझं हुकमी पान होतं ऑक्सिजन एक्सप्रेस. एप्रिल 2021मध्ये दुसऱ्या लाटेने महाराष्ट्राचा श्वास कोंडला होता तेव्हा रेल्वेने सात रिकामे टँकर सपाट वाघिणींवर चढवून 19 तारखेला कळंबोलीहून विशाखापट्टणमला रवाना केले. शंभर टनांहून जास्त द्रव ऑक्सिजन भरून गाडी परतली, 23 तारखेला नागपूरला काही टँकर उतरले, उरलेले दुसऱ्या दिवशी नाशिकला. जातानाचा मार्ग होता वसई, सुरत, भुसावळ, नागपूर. म्हणजे गाडी आमच्या जिल्ह्यातूनच गेली. मी म्हणायचो, बघा, निकड पडली तेव्हा नियम गुंडाळून ठेवले की नाही!

मग कधीतरी या गाडीबद्दलचं सरकारी निवेदन नीट वाचलं आणि पान उलटं पडलं. नियम गुंडाळले नव्हते, उलट रात्रंदिवस तेच सांभाळले होते. गाडी सुरतेवरून वळवली, कारण वाघिणीवर चढवलेल्या टँकरच्या मापामुळे घाटातून जाता येत नव्हतं. वाघिणीची उंची 1290 मिलिमीटर, त्यावर 3320 मिलिमीटरचाच टँकर बसतो, म्हणून टँकरचा नमुना शोधून निवडला. ऑक्सिजन अतिथंड आणि धोकादायक रसायन असल्यामुळे एकदम वेग वाढवायचा नाही, एकदम कमी करायचा नाही, भरलेला असताना मधे मधे दाब तपासायचा, हे सगळं ठरवून, माणसांना शिकवून मग गाडी सोडली. कळंबोली ते विशाखापट्टणम 1850 किलोमीटर सुमारे पन्नास तासांत. घाई आणि नियम एकाच गाडीत बसले होते. ज्या गोष्टीला मी अडथळा समजत होतो तिच्याचमुळे गाडी पोचली होती.

(त्याच काळात नंदुरबारला बाहेरून टँकरची वाट फारशी पाहावी लागली नाही, कारण तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी 2020पासूनच जिल्ह्यात हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे प्रकल्प उभे करायला घेतले होते. वायू हलवण्याचा धोका टाळायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे तो न हलवणं. पण हे इथे विषयांतर.)

तरीही मी म्हणू शकत होतो की तो ऑक्सिजन होता, आगीला खतपाणी घालणारा. आपला कार्बन डायऑक्साइड सोज्वळ. या सोज्वळपणाचं काय झालं ते सांगतो, आणि इथे मला जरा थांबायचं आहे.

आमच्याकडे पडीक विहिरीत उतरायच्या आधी दोराला पेटता कंदील बांधून खाली सोडतात. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवतात. पेव उघडल्या उघडल्या आत उतरत नाहीत, हवा खेळू देतात. कंदील विझला तर उतरू नका, जळत राहिला तर उतरा, हे मी पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण म्हणून वर्गात सांगत आलो. वायू हवेच्या दीडपट जड, म्हणून तळाशी बसतो, प्राणवायूला बाजूला सारतो, ज्योत विझते. सगळं पाठ.

एकदा कागद घेऊन आकडे मांडले. बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाखांत सव्वाचारशेच्या आसपास भाग असतो. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी पाच हजार ही मर्यादा मानतात. चाळीस हजार, म्हणजे चार टक्के झाला की जिवाला तात्काळ धोका, बाहेर पडा. आता हवेत चार टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला तर प्राणवायू किती उरतो? एकवीस टक्क्यांवरून जेमतेम वीसवर येतो. त्यात कंदील मजेत जळतो. इतकंच कशाला, प्राणवायू मोजणारं यंत्र साधारण साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली गेल्यावर ओरडतं. तेही गप्प बसेल. कंदील जळतोय, यंत्र गप्प आहे, आणि माणसाला धाप लागलीये, डोकं गरगरतंय. दहा टक्क्यांवर तर काही मिनिटांत शुद्ध जाते. म्हणजे हा वायू फक्त प्राणवायूची जागा अडवून मारतो असं नाही. तो रक्तात विरघळून रक्त आम्लधर्मी करतो, श्वासाची लय बिघडवतो. ‘विषारी नाही’ हे वाक्य मी फळ्यावर किती सहज लिहीत होतो!

मग पुढचा हिशेब. मालगाडीच्या मोठ्या डिझेल इंजिनाच्या टाकीत सहा हजार लिटर मावतं, वजनाने पाच टन. लिटरभर डिझेल जळलं की अडीच किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण हवेतला ऑक्सिजन त्याला येऊन चिकटतो. पाच टन इंधनाचा सोळा टनांच्या आसपास वायू. यंत्राने त्यातला निम्मा पकडला असं धरू, आठ टन. टाकी फुटून तो सगळा बाहेर आला तर आपल्या उन्हाळी तपमानाला साडेचार हजार घनमीटर शुद्ध वायू. तो वारा नसलेल्या रात्री हवेत मिसळत मिसळत चार टक्क्यांपर्यंत पातळ झाला आणि माणसाच्या उंचीच्या थरात पसरला असं मानलं, तर चौदा एकर जमीन व्यापेल. हा हिशेब ढोबळ आहे. खऱ्या गळतीत काही भाग गोठून बर्फ होईल, वारा असेल तर चित्र वेगळं. पण चौदा एकर म्हटल्यावर मला स्टेशन, रिक्षाथांबा, बाजूच्या टपऱ्या आणि मागची वस्ती एकदम दिसली.

आणि तो पसरेल कुठे? फाटकं बंद करून रुळाखालून जे भुयारी रस्ते काढलेत, पावसाळ्यात ज्यांत पाणी तुंबतं, तिथेच हा वायूही तुंबेल. पाणी निदान दिसतं, मोटारसायकलवाला कडेला थांबतो.

दिसण्याचा मुद्दा साधा नाही. 29 जानेवारी 2022ला गांधीधाम-पुरी एक्सप्रेसच्या पँट्री डब्याला आमच्या नंदुरबार स्टेशनजवळ आग लागली. डबा तोडून वेगळा केला, आग विझवली, कोणी दगावलं नाही. धूर लांबून दिसत होता, कुठून पळायचं ते कोणाला सांगावं लागत नव्हतं. 26 ऑगस्ट 2023ला मदुराईला उभ्या असलेल्या पर्यटकांच्या डब्यात चोरून आणलेल्या गॅस सिलिंडरने पेट घेतला आणि नऊ जण गेले. तिथेही ज्वाळा होत्या. माझ्या लेखी धोका म्हणजे ज्वाळा. ज्वाळा नाहीत म्हणजे धोका नाही, अशी सरळ समजूत.

ती मोडायला अमेरिकेतलं सटार्शिया नावाचं खेडं कारणीभूत झालं. मिसिसिपी राज्यात 22 फेब्रुवारी 2020च्या संध्याकाळी, जोरदार पावसानंतर जमीन खचून कार्बन डायऑक्साइड वाहून नेणारा नळ फुटला. वायूत थोडा हायड्रोजन सल्फाइडही होता. ढग उतारावरून गावात आला. सुमारे दोनशे माणसं हलवावी लागली, पंचेचाळीस जणांना रुग्णालय गाठावं लागलं. कोणी मेलं नाही, पण मोटारींची इंजिनं बंद पडली. माणसाला जशी हवा लागते तशी इंजिनालाही लागते. पळून जायचं वाहनच पळेना! 1986च्या 21 ऑगस्टला कॅमेरूनच्या न्योस तलावातून याच वायूचा लोट निघाला तेव्हा सतराशेच्या वर माणसं झोपेत गेली होती; ते मी शिकवतही असे, पण निसर्गाचा चमत्कार म्हणून. सटार्शियात नळ होता, कंपनी होती, नियम होते. आणि पुढच्या सरकारी चौकशीत पुढे आलं ते हे की मदतीला धावलेल्या स्थानिक लोकांना काय फुटलंय हे कंपनीने कळवलंच नव्हतं. त्यांना नुसता अंदाज बांधावा लागला. अंदाज बरोबर निघाला म्हणून निभावलं.

हे वाचलं त्या संध्याकाळी आप्पांची फॉरवर्डिंग नोट परत आठवली. डब्यात काय आहे हे न उघडता कळावं, यासाठीच तर तो कागद आणि बाहेरची खूण. जगभर द्रवरूप थंड कार्बन डायऑक्साइडला 2187 हा क्रमांक आहे, दाबाखाली भरलेल्याला 1013. टँकरच्या पाठीवर हा आकडा असला की अग्निशमनवाल्याला भाषा कळण्याचीही गरज नाही. यंत्राच्या पोटातल्या वायूला ‘माल’ म्हणायचं नाही असं मी म्हणत होतो, तेव्हा मी नेमका हा आकडा पुसत होतो.

नवापूरला हे जरा जास्तच स्पष्ट होतं. त्या स्टेशनाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत, हे कौतुक सगळ्यांना माहीत आहे. बाकड्यावर मधोमध रेघ मारलेली, लोक एक पाय इकडे एक पाय तिकडे करून फोटो काढतात. अशा फलाटाशेजारी लूप लाइनला यंत्राचा डबा उभा आहे आणि झडप उडाली, तर फोन कुणी कुणाला करायचा? इकडे नंदुरबारचे जिल्हाधिकारी, तिकडे तापी जिल्ह्याचे. कागदावर मालच नसेल तर फोनवर सांगणार तरी काय?

झडप उडेल का? इथे आमच्या जिल्ह्याचा उन्हाळा मधे येतो, आणि रसायनशास्त्राचा माणूस असून मला हे आधी का सुचलं नाही याचं नवल वाटतं. कार्बन डायऑक्साइड 31.1 अंश सेल्सिअसच्या वर कितीही दाबला तरी द्रव होत नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशीपार. म्हणजे साध्या, आवरण नसलेल्या टाकीत इथे द्रव कार्बन डायऑक्साइड असूच शकत नाही. आत वातावरणाच्या सत्तर-ऐंशी पट किंवा त्याहून जास्त दाब घेऊन बसलेला एक पदार्थ असतो, धड द्रव नाही, धड वायू नाही. तो टाळायचा तर उणे वीस अंशांच्या आसपास, वीसेक पट दाबाला, जाड आवरणाच्या टाकीत थंड ठेवायचा. गाडी धावतेय, वीज मिळतेय, तोवर ठीक. मालगाडी मात्र लूपला तासन्‌तास पडून असते, मेल-एक्सप्रेस पुढे जातात. ऊन आत झिरपतं, दाब चढतो आणि सुरक्षा झडप आपलं काम करते, थोडा वायू सोडते. तेही कधी कधी नीट होत नाही, कारण दाब पाच पटीच्या खाली उतरला की द्रव राहत नाही, कोरडा बर्फ होतो आणि झडपेचं तोंडच बुजवतो. शेफील्डच्या हवेत मांडलेली कल्पना आमच्या जिल्ह्यातल्या रनाळ्याच्या उन्हात तशीच्या तशी चालेल, असं मी गृहीत धरलं होतं.

आता डिझेलच्या टाकीची माझी उपमा. तीच मला सगळ्यात प्रिय होती आणि तीच सगळ्यात आधी गळाली. इंधनाची टाकी शेडमध्ये, जाणत्या माणसांच्या समोर भरते आणि वाटेत रिकामी होत जाते. प्रवास संपत आला की धोका कमी. पकडलेल्या वायूच्या टाकीचं उलटं. सुटताना काही नाही, आणि सगळ्यात भरलेली असते ती शेवटच्या टप्प्यात, लोको पायलटची ड्युटी संपत आलेली, बहुतेक वेळा शहराच्या तोंडाशी. डिझेल सांडलं तर वास येतो, डाग पडतो. शिवाय पेट्रोल किंवा एलपीजीच्या भरलेल्या टाक्यांच्या आणि इंजिनाच्या मधे रेल्वे एक बिनधोक डबा लावते, गार्ड वॅगन. धुराड्यातून वायू पकडणारं यंत्र तर इंजिनाला खेटूनच हवं. ज्वलनशील नाही म्हणून तो नियम इथे लागू नाही, हे मान्य. पण चालकाच्या केबिनशेजारी काही टन गुदमरवणारा वायू ठेवताना कोणीतरी अंतराचा विचार करायला हवा की नको?

त्यात पकडलेला वायू पुढे विकला जाणार. शीतपेयांना, वेल्डिंगला, खतांना, जमिनीत गाडायला. विकायचा म्हणजे तो माल झालाच. फायदा मोजताना माल आणि जबाबदारी मोजताना यंत्राचं अंग, हे माझ्याच युक्तिवादातलं पाणी मला उशिरा दिसलं. आणखी एक गोष्ट मी सोयीने विसरत होतो. काही यंत्रांत वायू धरायला अमाइनचं द्रावण वापरतात आणि ते स्वतःच कातडी जाळणारं, क्षारक. एक किलो वायू पकडायच्या आधीपासून डब्यात एक धोकादायक पदार्थ असतोच.

कोणी म्हणेल, मास्तर, तुमच्या लाइनवर विजेची इंजिनं धावतात, देशातलं जवळपास सगळं ब्रॉडगेज विजेवर आलं. धुराडंच नाही तर पकडणार काय? खरं आहे. डिझेलवाला प्रकार नंदुरबारला बहुधा कधीच येणार नाही, आणि न येण्याचंच मला बरं वाटतं. धूर पकडण्यापेक्षा धूर न काढणं केव्हाही चांगलं. पण हवेतून वायू गाळणारा डबा विजेच्या गाडीलाही लागतो. आणि पकडलेल्या कार्बनची वाहतूक तर येऊ शकतेच. एका टोकाला, सुरतेजवळ, हजिऱ्याचे कारखाने आहेत. दुसरीकडे आमच्या पायाखाली दख्खनचा काळा बेसॉल्ट आहे, ज्यात वायू मुरवून त्याचा दगड करता येतो; आइसलँडमध्ये 2012पासून ते करून दाखवलंय आणि दख्खनच्या दगडाचाही त्या दृष्टीने अभ्यास चालू आहे. मुंबईच्या आयआयटीत कार्बन पकडण्यासाठी राष्ट्रीय केंद्रच आहे. या दोन टोकांना जोडणारी लाइन आमची.

मग मी नियमवाला झालो का? पुरता नाही. दर स्टेशनला नवी फॉरवर्डिंग नोट, दर किलोला नवी परवानगी, असलं काही झालं तर यंत्र लखनौच्या आरडीएसओच्या, म्हणजे रेल्वेच्या संशोधन संस्थेच्या, कपाटातच म्हातारं होईल. मला हवंय ते थोडकं आहे. पहिल्या किलोपासून डब्यावर क्रमांकाचा फलक. केबिनमध्ये आणि ट्रेन मॅनेजरच्या ब्रेकव्हॅनमध्ये कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र. प्राणवायू मोजणारं चालणार नाही, वर का ते आलंच. टाकीतला दाब नियंत्रण कक्षात दिसावा. फलाटाला लागून किंवा भुयारी रस्त्यावर असा डबा उभा करू नये. आणि पाठवणाऱ्याच्या रकान्यात रेल्वेने स्वतःचं नाव घालावं. हे शेवटचं आप्पांचं. त्यांच्या मते बाकी सगळं त्यातूनच येतं, कारण सही करणाऱ्याला झोप येत नाही.

परवा एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला आम्ही दोघांनी तो कागद मांडून पाहिला. ‘मालाचे वजन’ या रकान्यात आप्पांनी सुटण्याच्या स्टेशनला शून्य लिहिलं आणि पुढे जागा मोकळी सोडली. चाळीस वर्षं शून्य वजनाचा माल कधी बुक केला नव्हता म्हणाले. मग वाद झाला रिकाम्या टाकीवरून. धोकादायक मालाच्या जगात धुतलेली नसलेली रिकामी टाकी भरलेलीच धरतात. मी म्हटलं, पेट्रोलला ते ठीक आहे, त्याची वाफ उरते. इथे दाब उतरवून टाकी बाहेरच्या हवेइतकी केली की आत उरतो तो वायू कोणाचं काय वाकडं करणार? तिच्यावरचा फलक उतरवा.

“दाब उतरलाय हे काटा सांगणार,” आप्पा म्हणाले, “आणि काटा अडकला असेल तर?”

“तर टाकीवर दोन काटे लावा.”

“आणि दुसरा पाहणार कोण?”

फलक उतरवावा, असं माझं मत अजून कायम आहे.